हवेचें गणित आणि शेतकऱ्याचा वाटा

शेतकऱ्याच्या जमाखर्चांत बीं, खत, पाणी, मजुरी व सारा ह्या बाबी लिहिल्या जातात. हवेची बाब कोणीहि लिहीत नाहीं. हवा फुकट मिळते, सर्वांस सारखी मिळते, आणि ती पूर्वीं होती तशीच आज आहे, अशी आपली समजूत असते. ह्यांपैकीं पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी व तिसरी मात्र आतां खऱ्या राहिलेल्या नाहींत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील डॉ. सचिन घुडे व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१४ सालीं एक हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत २००५ सालच्या परिस्थितीवरून असें दाखविलें आहे कीं, जमिनीलगतच्या हवेंतील ओझोन वायूमुळें त्या एका वर्षांत भारतांतील गव्हाचें उत्पन्न सुमारें ३५ लक्ष टनांनीं व तांदळाचें सुमारें २१ लक्ष टनांनीं घटलें. अन्नसुरक्षेच्या २०१३ सालच्या कायद्यासाठीं दरवर्षीं जें ६१२ लक्ष टन धान्य लागेल असें धरलें होतें, त्याच्या शेंकडा ९ हून ही घट अधिक भरते.

एवढें धान्य टोळधाडीनें खाल्लें असतें तर गांवोगांव पंचनामे झाले असते, वर्तमानपत्रें भरून गेलीं असतीं आणि सरकारास उत्तर द्यावें लागलें असतें. ह्या घटीचा पंचनामा झाला नाहीं. कारण ती कोणाच्या डोळ्यांस दिसली नाहीं, कोणत्याहि खळ्यावर मापली गेली नाहीं. ती संगणकावर गणितानें काढलेली आहे. मग असें गणित विश्वासार्ह मानावें किंवा नाहीं, आणि मानावयाचें तर त्यावरून शेतकऱ्यानें काय मागावें, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या मतें ह्या प्रश्नाकडे शेतकरीवर्गानें आजवर केलेलें दुर्लक्ष यापुढें परवडणारें नाहीं; कारण ह्याच गणिताच्या दुसऱ्या पानावर शेतकऱ्याचें नांव नुकसान सोसणारा म्हणून नव्हे, तर नुकसान करणारा म्हणून लिहिलें जात आहे.

प्रथम ओझोन म्हणजे काय तें थोडक्यांत सांगूं. हा प्राणवायूचाच भाऊबंद होय. प्राणवायूच्या कणांत दोन परमाणु असतात, ओझोनच्या कणांत तीन. १८३९ सालीं बाझल येथील शोनबाइन ह्या रसायनशास्त्रज्ञानें त्याच्या विशिष्ट वासावरून त्याचा शोध लावला. आकाशांत वीस-तीस किलोमीटर उंचीवर असलेला ओझोन सूर्याचे जहाल किरण अडवितो, म्हणून तो उपकारक आहे. तोच ओझोन जमिनीलगत वाढला म्हणजे फुप्फुसांस व पानांस जाळतो. शेतांतली माती धन असते आणि तीच डोळ्यांत गेली तर पीडा होते, त्यांतलाच हा प्रकार समजावा.

ह्या खालच्या ओझोनची विशेष गोष्ट अशी कीं, तो कोणत्याहि धुराड्यांतून बाहेर पडत नाहीं. मोटारी, वीजकेंद्रें व कारखाने ह्यांतून नायट्रोजनचीं ऑक्साइडें निघतात. पेट्रोलच्या वाफा, लांकूडफाट्याचा व पालापाचोळ्याचा धूर आणि कांहीं अंशीं स्वतः झाडें ह्यांपासून कार्बनी वाफा हवेंत मिसळतात. ह्या दोहोंवर कडक ऊन पडलें म्हणजे त्यांच्या संयोगांतून ओझोन तयार होतो. शहरांत मोटारींतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड वायु तयार झालेला ओझोन पुन्हां खाऊन टाकतो. परंतु तीच हवा वाऱ्याबरोबर वाहत खेड्यांकडे गेली कीं खाणारा वायु विरळ होतो आणि ओझोन सांचूं लागतो. म्हणून ओझोनचें प्रमाण भर वस्तींतल्या रस्त्यावर कमी व वाऱ्याच्या दिशेस असलेल्या शेतांवर अधिक, असा उलटा प्रकार पुष्कळदां आढळतो. शहरांत धूर होतो आणि त्याचा ओझोन गांवाच्या वाट्यास येतो.

ह्या विषयाचा इतिहासच मुळीं शेतांतून सुरू होतो, हें वाचकांस नवल वाटेल. १९४४ सालीं अमेरिकेंत लॉस एंजेल्सच्या आसपासच्या भाजीमळ्यांत पालेभाज्यांच्या पानांवर रुपेरी व तांबूस डाग दिसूं लागले. कीड नव्हती, रोग नव्हता, खताची उणीव नव्हती. कॅलिफोर्नियांतील हागेन-स्मिट ह्या वनस्पतिरसायनज्ञानें ओझोन व पेट्रोलची वाफ एकत्र करून तसेंच डाग प्रयोगशाळेंत पाडून दाखविले, आणि १९५२ च्या सुमारास असें सिद्ध केलें कीं, त्या शहराचें धुरकट, डोळे झोंबविणारें वातावरण मोटारींच्या व तेलाच्या वाफांवर ऊन पडून तयार होतें. १९५९ सालीं अमेरिकेंतीलच तंबाखूच्या पानांवरचे जे ठिपके हवामानाचा दोष म्हणून सोडून दिले जात, तेहि ओझोनचेच ठरले. पिकाच्या पानानें आधीं साक्ष दिली. शास्त्र मागाहून आलें.

ओझोन पानांत शिरतो तो पर्णरंध्रांतून, म्हणजे ज्या सूक्ष्म द्वारांनीं पान श्वासोच्छ्वास करतें त्याच द्वारांनीं. आंत गेल्यावर तो पेशींस इजा करतो. पान अन्न कमी बनवितें, लवकर म्हातारें होतें आणि दाणा भरण्याचा काळ आंखडतो. पुष्कळदां पानावर कांहींच खूण दिसत नाहीं, तरी दाणा हलका भरतो. येथें एक गोष्ट बागाईतदारांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. पाण्याचा ताण पडलेलें पीक आपलीं पर्णरंध्रें मिटून घेतें, म्हणून त्याच्या पोटांत ओझोन कमी जातो; भरपूर पाणी दिलेल्या पिकाचीं रंध्रें उघडीं असल्यामुळें तें अधिक विष ओढून घेतें. म्हणजे ज्यानें विहीर बांधली, पाट काढला व पिकाची उत्तम निगा राखली, त्याच्याच पिकास हा अदृश्य चोर अधिक लुटतो. आपल्याकडे पावसाळ्यांत ढग व समुद्रावरची स्वच्छ हवा ह्यांमुळें ओझोन कमी असतो. पाऊस गेल्यावर हिंवाळ्यांत व उन्हाळ्यांत तो वाढतो. सबब महाराष्ट्रांत चिंता करावयाची ती मुख्यत्वें रब्बीची व उन्हाळी पिकांची.

आतां गणिताकडे वळूं. वाऱ्याचा व हवेचा हिशेब अंकांनीं मांडण्याची कल्पना लुइस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज गणितज्ञाची. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमी सैनिकांच्या गाड्या हांकीत असतां त्यानें २० मे १९१० ह्या दिवसाच्या हवेचा सहा तासांचा हिशेब हातानें केला. उत्तर पार चुकलें. वायुभारांत १४५ मिलिबारांचा फरक पडेल असें गणित म्हणालें, प्रत्यक्षांत फरक जवळजवळ पडलाच नव्हता. तरीहि त्यानें तें चुकलेलें उत्तर १९२२ सालीं आपल्या ग्रंथांत जसेंच्या तसें छापलें, ही त्याची थोरवी. सुधारलेल्या समीकरणांनीं १९५० सालीं अमेरिकेंतील एनिअॅक ह्या यंत्रावर हाच प्रयत्न यशस्वी झाला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत ह्या वाऱ्याच्या गणितास रसायनाचें गणित जोडलें गेलें, आणि आज पुण्यांतील त्याच संस्थेंत २०२४ सालीं बसविलेला ‘अर्क’ नांवाचा महासंगणक एका सेकंदांत ११ हजार लक्ष कोटींहून अधिक आंकडेमोडी करूं शकतो.

एवढें मोठें यंत्र करतें काय? तें करतें जमाखर्च. सर्व प्रदेशावरची हवा लांबी, रुंदी व उंची ह्या तिन्ही अंगांनीं कप्प्याकप्प्यांत विभागलेली आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक कप्प्याची एक खातेवही असते. आरंभींची शिल्लक किती. त्या कप्प्यांतील मोटारी, चुली, भट्ट्या व शेतें ह्यांतून नवीन जमा किती. वाऱ्यानें शेजारच्या कप्प्यांतून आलें किती व पुढच्या कप्प्यांत गेलें किती. उन्हानें एका वायूचा दुसरा वायु झाला किती. आणि पाऊस, पानें व जमीन ह्यांनीं शोषून खर्ची पडलें किती. ह्या बाबी मांडून कांहीं मिनिटांनंतरची शिल्लक काढावयाची, तीच पुढच्या हिशेबाची आरंभींची शिल्लक धरावयाची, आणि असें करीत वर्षाचें वर्ष पार करावयाचें. कप्पे लाखों असतात, वायु व कण मिळून खातीं शेंकडों असतात. शिवाय प्रत्येक वायूची चाल निराळी. हवेची झाडलोट करणारा हायड्रॉक्सिल नांवाचा कण सुमारें एका सेकंदांत नाहींसा होतो, खालचा ओझोन सरासरी तीन आठवडे टिकतो आणि मिथेन सुमारें दहा वर्षें राहतो. क्षणांत आटपणारा व दशकभर चालणारा व्यवहार एकाच वहींत बिनचूक लिहावयाचा, ही ह्या गणिताची खरी अडचण; तिच्यासाठीं गणितज्ञांस खास युक्त्या योजाव्या लागल्या आहेत.

ज्यानें पैसेवारी पाहिली आहे त्यास ह्या गणिताची योग्यता सहज कळेल. नजरअंदाजानें काढलेली पैसेवारी ही अगदीं टाकाऊ नसते. पण तिला पीककापणीच्या प्रयोगाची जोड नसेल तर गांवचे लोक ती मान्य करीत नाहींत, आणि तें रास्तच आहे. गणिती मॉडेल ही फार अभ्यासपूर्ण, फार सूक्ष्म अशी नजर पाहणी आहे. मोजणी ही पीककापणी आहे. आणि आमची मुख्य तक्रार ही आहे कीं, हवेच्या बाबतींत नजर पाहणी सर्व देशाची झाली, पीककापणी मात्र जवळजवळ शहरांतच होत राहिली. हवा मोजणारीं बहुतेक केंद्रें शहरांत आहेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ सालीं सुरू झाला, तोहि निवडक शहरांचा व मुख्यतः धूलिकणांचा. ओझोन जेथें अधिक सांचण्याचा संभव, त्या शिवारांत मोजणारें यंत्र नाहीं.

ह्या उणीवेचा परिणाम किती मोठा होतो तें एका काल्पनिक उदाहरणानें पाहूं. पिकाचें नुकसान मोजण्याची युरोपांत रूढ झालेली एक रीत अशी: दिवसाच्या प्रत्येक तासांत ओझोनचें प्रमाण हवेच्या अब्ज भागांत ४० भागांहून जितकें अधिक असेल तितकेंच धरावयाचें, आणि पिकाच्या तीन महिन्यांची त्याची बेरीज करावयाची. ही बेरीज ३,००० झाली म्हणजे गव्हाचें उत्पन्न शेंकडा ५ नें घटतें, असें तेथील प्रयोगांवरून ठरविलेलें आहे. समजा, एखाद्या शिवारांत ९० दिवस, रोज १० तास, खरें प्रमाण ४५ होतें. अधिक भाग ५, तास ९००, बेरीज ४,५००, म्हणजे घट सुमारें शेंकडा साडेसात. आतां मॉडेलानें ४५ च्या जागीं ५० सांगितलें असें समजा. चूक फक्त नवव्या हिश्श्याची. पण ४० वरचा भाग ५ चा १० झाला, बेरीज ९,००० झाली आणि घट शेंकडा १५ वर गेली. हवेंत लहानशी चूक, धान्यांत दुप्पट चूक! दक्षिण आशियांतील हवेसाठीं चालविलेलीं अनेक मॉडेलें प्रत्यक्ष मोजणीहून अधिक ओझोन दाखवितात, असें शास्त्रज्ञांनीं स्वतःच तपासून नमूद केलें आहे. डॉ. घुडे ह्यांच्या हिशेबांतहि गव्हाच्या ३५ लक्ष टनांस ८ लक्ष टनांची कमीअधिक मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे, आणि तांदळाच्या २१ लक्ष टनांसहि तेवढीच. शास्त्रज्ञ ही मर्यादा प्रामाणिकपणें लिहितात. ती गळते ती वर्तमानपत्रांत व भाषणांत.

दुसरी उणीव वाणांची. किती ओझोनानें किती दाणा घटतो हीं कोष्टकें बहुतांशीं युरोप व अमेरिका येथील शेतांवर, तेथील वाणांवर प्रयोग करून बसविलेलीं आहेत. अमेरिकेंत १९८० च्या दशकांत वर उघड्या असलेल्या पारदर्शक कोठ्यांत पिकें वाढवून असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले. आपल्याकडे काशी हिंदु विश्वविद्यालयानें अनेक वर्षें गहू व इतर पिकांवर असें काम केलें आहे, आणि वाणावाणांत पुष्कळ फरक पडतो हें त्यांतून दिसलें आहे. परंतु आपल्या काळ्या जमिनींतला, आपल्या हिंवाळ्यांत वाढणारा गहू, हरभरा व कांदा ह्यांसाठीं परदेशी कोष्टक वापरणें म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापानें आपला जोडा शिवणें होय.

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, हें सर्व गणित पोकळ आहे, तेव्हां तें बाजूस सारावें. तसें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. घट ३५ लक्ष टन कीं २७ लक्ष टन, हा वाद होऊं शकेल. घट आहेच, ह्याविषयीं वाद उरलेला नाहीं. गणित टाकून दिलें तर हातीं राहतें काय? दर हंगामांत थोडथोडा हलका भरणारा दाणा, आणि त्याचा दोष कधीं बियाण्यास, कधीं खतास, कधीं नशिबास. गणितानें निदान चोराची चाहूल दिली. त्याला पकडण्यासाठीं जागल्या ठेवणें हें आपलें काम आहे.

आतां त्या दुसऱ्या पानाकडे येऊं. पंजाब व हरियाणा येथील भाताच्या धसकटांस लागणाऱ्या आगीचा दिल्लीच्या हवेंत हिस्सा किती, हा वाद नोव्हेंबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां एकाच प्रकरणांत शेंकडा ४ हा आंकडाहि निघाला आणि शेंकडा ३५ ते ४० हाहि निघाला. ऐकणारांस वाटलें, कोणी तरी खोटें बोलत आहे. वस्तुतः पहिला आंकडा सबंध हिंवाळ्याच्या सरासरीचा होता आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील आगीच्या दिवसांचा. दोन्ही आपापल्या जागीं बरोबर असूं शकतात. पावसाच्या वार्षिक सरासरीवरून अतिवृष्टीच्या दिवसाचा पूर कळत नाहीं, आणि पुराच्या दिवसावरून वर्षाचा पाऊस कळत नाहीं. ज्या आंकड्यास दिवस, ठिकाण व कमीअधिक मर्यादा जोडलेली नाहीं, तो आंकडा नव्हे. ती नुसती आरोळी होय. अशा आरोळ्यांवरून कायदे होतात व दंड बसतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें दिल्ली व लगतच्या राज्यांतील क्षेत्रासाठीं हा दंड दुप्पट करण्यांत आला: दोन एकरांखालील शेतकऱ्यास ५,००० रुपये, दोन ते पांच एकरांस १०,००० आणि त्यावर ३०,०००.

ह्या हिशेबांतील आगींची जमा धरली जाते ती उपग्रहांच्या नोंदीवरून. नेहमींचे उपग्रह दिवसा सुमारें दीड वाजतां डोक्यावरून जातात. २०२४ सालीं असें निदर्शनास आलें कीं, पुष्कळ आगी त्यानंतर, दुपार कलल्यावर लागतात. त्या नोंदींत येतच नाहींत. म्हणजे आगी कमी झाल्या हें सरकारी समाधान, आणि आगींचा हिस्सा अमुक हें गणिती उत्तर, हीं दोन्ही एकाच अपुऱ्या नोंदीवर उभीं. येथें चूक शेतकऱ्याच्या फायद्याची दिसते, म्हणून आपण गप्प बसावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. खोट्या मापाचा फायदा आज एकास होतो तर उद्यां दुसऱ्यास. ज्यास ओझोनच्या नुकसानीचें खरें माप हवें आहे, त्यानें धुराच्या मापांतहि खरेपणाच मागितला पाहिजे.

वरील दंडाचा नियम आपल्या प्रांतांत नाहीं, हें खरें. परंतु ऊंस तुटल्यावर पाचटास लागणाऱ्या काड्या आपल्याकडे थोड्या नाहींत. शिवाय शेतांत वरून फेंकलेल्या युरियांतून व गोठ्यांतून अमोनिया हवेंत जातो. कारखान्यांच्या व मोटारींच्या वायूंपासून झालेल्या आम्लांशीं त्याचा संयोग होऊन सूक्ष्म कण बनतात. जनावरांचें रवंथ व पाणी भरलेलीं भातखाचरें ह्यांतून मिथेन निघतो, आणि तोहि ओझोनची मूळ पातळी वाढवितो. हीं सर्व खातीं मॉडेलांत आजच उघडलेलीं आहेत. त्यांतील आंकडे मात्र आपणांस कोणी विचारून भरलेले नाहींत. कोणत्या तालुक्यांत पाचट किती जळतें व किती कुजवितात, युरिया केव्हां व कसा दिला जातो, ह्यांचे अंदाज दूर कोठें तरी बसून बांधले जातात. आपली जमा-नांवे दुसऱ्यानें लिहावी आणि आपण अंगठा उठवावा, ही सावकारी रीत आपल्या पूर्वजांनीं पुष्कळ सोसली. ती हवेच्या वहींत पुन्हां कां येऊं द्यावी?

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारहि कृषि विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर व त्यांच्या विभागीय संशोधन केंद्रांवर ओझोन मोजणारीं कायम यंत्रें बसवावीं आणि त्यांचे आंकडे पावसाच्या आंकड्यांप्रमाणें रोज प्रसिद्ध व्हावे. ह्यांत नवीन असें कांहीं नाहीं. १९३२ सालीं पुण्यास डॉ. एल. ए. रामदास ह्यांच्या देखरेखीखालीं शेतकी हवामानाची शाखा निघाली, तेव्हां पिकाच्या उंचीवरचें तपमान व दंव हवामानखात्यानें शेतांत जाऊन मोजावें ही गोष्ट मान्य झालीच होती. आतां त्या मोजणींत एका वायूची भर घालावयाची आहे. दुसरी, आपल्या प्रचलित वाणांवर ओझोनचे प्रयोग व्हावे, आणि नवीन वाण प्रसारित करतांना तांबेरा-प्रतिकाराबरोबर ओझोन-सहनशीलतेचीहि नोंद असावी. तिसरी, २००९ सालच्या राष्ट्रीय हवा-मानकांत ओझोनसाठीं एक तासाची व आठ तासांची मर्यादा आहे. पिकांत हंगामभर सांचणाऱ्या मात्रेची स्वतंत्र मर्यादा नाहीं. ती घालावी. चौथी, शेतकऱ्यावर दंड बसविण्यास किंवा त्यास दोष देण्यास जो आंकडा आधार म्हणून घेतला जाईल, तो दिवस, ठिकाण, मॉडेल व चुकीची मर्यादा ह्यांसह मराठींत प्रसिद्ध झाल्याशिवाय ग्राह्य धरूं नये.

सरकारास सूचना करून आपलें कर्तव्य संपत नाहीं. पाचट न जाळतां सरींत दाबून कुजविणें, भातास युरिया फेंकून न देतां चारसूत्री पद्धतीनें गोळ्या रोपांमध्यें खोंवणें, शेणखत उघड्या ढिगांत न ठेवतां खड्ड्यांत झांकणें, ह्या गोष्टी हवेसाठीं नव्हे तर स्वतःच्या फायद्यासाठींच करावयाच्या आहेत. उडून गेलेला अमोनिया म्हणजे पैसे देऊन आणलेलें व वाऱ्यावर सोडलेलें खतच होय. आणि प्रत्येक गांवच्या मंडळानें आपल्या शिवाराची एक साधी वही ठेवावी: जाळपोळ कोणत्या दिवशीं, किती एकरांत, युरिया केव्हां, किती, पानांवर ठिपके दिसल्यास कोणत्या पिकाच्या जुन्या कीं नव्या पानांवर. ओझोनचे ठिपके प्रथम जुन्या पानांच्या वरच्या अंगास, शिरांच्या मधल्या जागेंत येतात. कोळी व अन्नद्रव्यांची उणीव ह्यांचींहि चिन्हें जवळपास अशींच असतात, म्हणून निर्णय तज्ज्ञांवर सोडावा, पण नोंद आपण करावी. अशा शंभर वह्या एकत्र आल्या तर त्या कोणत्याहि उपग्रहास दिसत नाहीं असें कांहीं तरी सांगतील.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ओझोनचें मूळ मुख्यतः मोटारी, वीजकेंद्रें व कारखाने ह्यांत आहे. शेतकऱ्यानें कितीहि पाचट कुजविलें तरी तें मूळ जागचें हलणार नाहीं. तें हलविण्याचा खर्च ज्यांनीं धूर केला त्यांनीं सोसावा, अशी मागणी करण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. परंतु हक्काची मागणी मोजक्या व खऱ्या आंकड्यांनीं केली तरच ती टिकते. पाण्याची वांटणी मोजून मागण्यास आपण शिकलों, ऊंसाचा उतारा तपासून घेण्यास शिकलों, काट्याच्या मापावर नजर ठेवण्यास शिकलों. हवेचें मापहि त्याच जातीचें आहे. मंडळांच्या येत्या वार्षिक सभांत वरील चार सूचनांचे ठराव व्हावे व ते कृषि विद्यापीठांकडे आणि लोकप्रतिनिधींकडे धाडले जावे, अशी आमची सर्व वाचकांस आग्रहाची विनंती आहे.